ताबा आपला, गोल त्यांचे

वाचकाचं पत्र : मी एका युवा हॉकी संघाची प्रशिक्षक आहे. प्रत्येक सामन्याचं मोबाइलवर चित्रण करून मी आणि माझे सहायक पास, टॅकल, ताबा, शॉट अशा चाळीसेक गोष्टींची नोंद ठेवतो. त्यात एका सामन्यामागे सहा-सात तास जातात. शेवटच्या सात सामन्यांत सरासरी ५८ टक्के ताबा आमच्याकडे होता, तरी आम्ही ९ गोल केले आणि आमच्यावर १४ झाले. त्यातले ६ गोल शेवटच्या क्वार्टरमधले, म्हणून मी धावण्याचा सराव वाढवला. फरक पडला नाही. पूर्ण सामना दाखवायला बसवलं की मुली अर्ध्या तासात कंटाळतात. माझे आणि सहायकांचे आकडेही जुळत नाहीत. नोंदवही सोबत पाठवते आहे. आकडे भरपूर आहेत, पण सरावात त्यांचं करायचं काय?

नमस्कार,

तुमची वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. तुम्हाला हवं ते उत्तर तिच्यातच आहे, पण चाळीस रकान्यांच्या गर्दीत ते दबून गेलंय. मोजायला बसण्याआधी एक प्रश्न कागदावर लिहायचा: या आकड्याचं उत्तर वेगळं आलं, तर येत्या सरावात मी काय बदलीन? काहीच बदलणार नसेल, तर तो रकाना खोडून टाका. तुमच्या वहीतले तीसेक रकाने असे जातील आणि सहा-सात तासांचं काम दोन तासांवर येईल.

सगळ्यात आधी ५८ टक्के ताबा खोडा. तो खोटा आहे असं नाही, पण त्यात दोन गोष्टी मिसळल्या आहेत. चार बचावपटू आपसात चेंडू फिरवत राहिले तरी ताबा वाढतो आणि समोरच्या सर्कलजवळ, म्हणजे गोलपुढच्या अर्धवर्तुळाजवळ, खेळलं तरी वाढतो. शिवाय पुढे असलेला संघ मागे सरकून बचाव करतो, त्यामुळे मागे पडलेल्या संघाकडे चेंडू आपोआप जास्त राहतो. तुमच्या वहीत बरोबरीत असतानाचा ताबा वेगळा काढला तर तो ५१ टक्क्यांवर येतो. उरलेला फुगवटा तुम्ही मागे पडल्यानंतरचा आहे.

आता सर्कल एन्ट्रीकडे, म्हणजे चेंडू सर्कलमध्ये किती वेळा गेला याकडे, या. सात सामन्यांत तुमच्या संघाच्या १२६ एन्ट्री झाल्या आणि त्यांतून ३५ शॉट व २१ पेनल्टी कॉर्नर (बचावाच्या चुकीबद्दल आक्रमकांना गोलरेषेवरून मिळणारी संधी) मिळाले (कॉर्नरवरचे शॉट यात धरलेले नाहीत). म्हणजे १२६ पैकी ५६ एन्ट्रींतून काहीतरी हाती लागलं, ४४ टक्के. विरोधी संघांच्या एन्ट्री फक्त ८४. त्यांतून ३४ शॉट आणि २५ कॉर्नर, म्हणजे ७० टक्के. आणखी ३ कॉर्नर सर्कलबाहेर, पण गोलरेषेपासून २३ मीटरच्या पट्ट्यात मुद्दाम केलेल्या फाउलमुळे गेले, ते वेगळे. तुम्ही सर्कलपर्यंत जास्त वेळा पोचता, पण रिकाम्या हाताने परतता. ते कमी वेळा येतात आणि तुम्ही त्यांना काहीतरी देऊन पाठवता.

तुमच्यावर झालेल्या १४ पैकी ८ गोल पेनल्टी कॉर्नरवर आहेत. कॉर्नर अडवण्याचा सराव वाढवावा असं लगेच वाटेल, आणि थोडा वाढवाही. पण सात सामन्यांत २८ कॉर्नर, म्हणजे सामन्याला चार, हे त्याआधीचं दुखणं आहे. तुमच्या ‘चूक’ रकान्यात सर्कलमधल्या २५ कॉर्नरची कारणं आहेत: १२ वेळा चेंडू पायाला लागला, ८ वेळा चुकीच्या बाजूने टॅकल करताना स्टिकवर स्टिक बसली, ५ वेळा अंगाने अडवलं. यांतले १५ प्रसंग तुमच्या बचावाच्या डाव्या बाजूला घडलेत, आणि याला तांत्रिक कारण असू शकतं. बचाव करणारीला शिकवलेलं असतं की आक्रमकाला त्याच्या रिव्हर्सकडे (जिथे स्टिक उलटी करून खेळावं लागतं त्या डाव्या बाजूला), म्हणजे आपल्या उजव्या हाताला, फोरहँडच्या (स्टिकच्या सरळ बाजूच्या) टप्प्यात ढकलायचं. मैदानाच्या मध्यात किंवा आपल्या उजव्या बगलेत हे चोख चालतं. पण डाव्या बगलेत तसं केलं तर आक्रमक थेट गोलसमोर येतो, आणि बाहेर ढकलायचं तर टॅकल रिव्हर्सने करावी लागते. अशा दुविधेत बचावपटूचे पाय थांबतात, अंग आक्रमकाच्या अगदी समोर येतं आणि चेंडू पायावर आदळतो. चित्रणात हे १५ प्रसंग सलग पाहा. टॅकलच्या आधीच्या क्षणी पाय समांतर आहेत की एक पुढे एक मागे, एवढंच बघायचं. दहा-बारा प्रसंगांत पाय समांतर दिसले तर सरावाचा विषय मिळाला. नाही दिसले तर माझा अंदाज चुकला आणि कारण दुसरीकडे शोधायचं.

शेवटच्या क्वार्टरबद्दल आता. १४ गोल चार क्वार्टरमध्ये सारखे वाटले तर प्रत्येकी साडेतीन येतात. तुमचे सहा आले. त्यातले दोन, गोलरक्षकाला बाहेर बसवून जादा खेळाडू आणल्यानंतर रिकाम्या गोलमध्ये गेले आहेत. तो तुम्ही जाणूनबुजून घेतलेला धोका होता. ते दोन वजा केले तर १२ पैकी ४, अपेक्षेपेक्षा फक्त एक जास्त. एवढ्या लहान आकड्यांत एका गोलाचा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. दमणुकीची शंका असेल तर गोल सोडा आणि त्याहून जास्त वेळा घडणारी गोष्ट पाहा. तुमच्याविरुद्धच्या ८४ एन्ट्री क्वार्टरनिहाय १९, २२, २१, २२ अशा आहेत. संघ शेवटी ढेपाळत असता तर चौथा आकडा फुगला असता. धावण्याचा वाढीव सराव वाया गेला असं मी म्हणणार नाही, पण त्यासाठी जो वेळ काढलात तो डाव्या बगलेला हवा होता.

हीच सावधगिरी तुमच्या ड्रॅग फ्लिक मारणाऱ्या (कॉर्नरवर चेंडू स्टिकने ओढून गोलकडे भिरकावणाऱ्या) मुलीच्या बाबतीतही ठेवा. २१ कॉर्नरवर २ गोल म्हणून तिला बदलण्याचा विचार वहीच्या समासात लिहिलेला दिसला. दर पाच कॉर्नरला एक गोल करण्याची कुवत असलेल्या खेळाडूच्या वाट्यालाही २१ प्रयत्नांत दोन किंवा त्याहून कमी गोल येण्याची शक्यता शेकडा १८ च्या आसपास असते. हा निव्वळ संभाव्यतेचा हिशेब आहे. तिला बदलायचंच असेल तर गोल न मोजता दुसऱ्या गोष्टी मोजा: गोलरेषेवरून ढकललेला चेंडू (पुश) सरळ आला का, चेंडू स्वच्छ थांबला का, फ्लिक गोलच्या चौकटीत होती का, अडवायला पुढे धावणाऱ्या पहिल्या बचावपटूला लागली का. २१ पैकी ७ वेळा चेंडू नीट थांबलाच नाही, असं तुमचीच नोंद सांगते. मग दोष फ्लिकचा कसा?

आक्रमणाकडे वळलं तर वहीतला सगळ्यात बोलका रकाना तुम्ही कधी बेरजेला घेतलेलाच नाही: एन्ट्रीच्या क्षणी सर्कलमध्ये आपल्या किती जणी होत्या. एकटीच असताना ७० एन्ट्री, हाती लागलं १८ वेळा. दोघी किंवा जास्त असताना ५६ एन्ट्री, हाती लागलं ३८ वेळा. पहिलं प्रमाण २६ टक्के, दुसरं ६८. लगेच टाळी वाजवू नका. झटपट प्रतिहल्ल्यात आपल्या दोघी-तिघी पुढे असतात आणि समोरचा बचावही विस्कळीत असतो, त्यामुळे श्रेय कशाचं ते कळत नाही. प्रतिहल्ल्यांतून आलेल्या एन्ट्री बाजूला ठेवून उरलेल्यांची बेरीज पुन्हा करा. फरक टिकला तर आक्रमणाच्या सरावाची दिशा ठरली.

असा हिशेब पुन्हा तपासून पाहणं का महत्त्वाचं आहे, हे फुटबॉलच्या इतिहासात नोंदलेलं आहे. ब्रिटिश हवाई दलातले हिशेबनीस चार्ल्स रीप यांनी १९५० पासून सामन्यांच्या हाताने नोंदी ठेवल्या, आणि १९६८ मध्ये संख्याशास्त्रज्ञ बर्नार्ड बेंजामिन यांच्यासोबत त्या प्रसिद्ध केल्या. बहुतांश गोल तीन किंवा त्याहून कमी पासांच्या चालींतून होतात, असं त्यात दिसलं. त्यावरून लांब चेंडू मारत राहण्याच्या खेळाला बळ मिळालं. पण मुळात फुटबॉलमधल्या बहुतेक चालीच तीन पासांच्या आत संपतात, मग गोलही त्यांतूनच जास्त दिसणार. २००५ मध्ये माइक ह्यूज आणि इयान फ्रँक्स यांनी विश्वचषकाच्या सामन्यांत चालींच्या संख्येने भागून पाहिलं, तेव्हा लांबलेल्या चालींतून दर चालीमागे जास्त गोल निघाले. गोल किती झाले हे लिहिताना ते किती संधींतून झाले हेही शेजारी लिहा. भाजकाशिवायचा आकडा वहीत ठेवूच नका.

तुमचे आणि सहायकांचे आकडे जुळत नाहीत, ही तक्रार मला सगळ्यात गंभीर वाटते. वर मी ज्या बेरजा केल्या त्या सगळ्या याच पायावर उभ्या आहेत, म्हणून त्यांना तूर्त शंका समजा, निकाल नव्हे. कारण बहुधा साधं असतं: दोघांच्या मनात एन्ट्रीची व्याख्या वेगळी. सर्कलमधून कुणाच्याही स्टिकला न लागता सरळ निघून गेलेला चेंडू ही एन्ट्री आहे का? चेंडू बाहेर आला आणि चार सेकंदांत पुन्हा आत गेला, तर एक की दोन? उत्तरं दोन्ही बाजूंनी देता येतात. तुम्ही एक निवडा, लिहून काढा आणि मोसमभर बदलू नका. माझी सूचना अशी: चेंडू सर्कलमध्ये असताना आक्रमक खेळाडूच्या स्टिकला लागला तरच एन्ट्री, आणि चेंडू २३ मीटरच्या रेषेमागे जाऊन परत आला तरच दुसरी एन्ट्री. चेंडू नुसता निघून गेला तर ‘वाया गेलेला चेंडू’ म्हणून वेगळी खूण.

मग एकाच सामन्याचा एक क्वार्टर दोघांनी वेगवेगळं बसून नोंदवा आणि प्रसंगाला प्रसंग लावून जुळवा. नुसती बेरीज जुळवू नका, ती फसवते. समजा दोघांच्याही पूर्ण सामन्यात १८ एन्ट्री आल्या. छान वाटतं. पण वेळेनुसार पाहिलं तर त्यातल्या १३ च सामाईक आहेत, ५ फक्त तुमच्या आणि ५ फक्त त्यांच्या. एकूण २३ वेगळे प्रसंग, एकमत १३ वर, म्हणजे ५७ टक्के. हे किमान ८५ पर्यंत येईस्तोवर व्याख्या घासत राहा. जिथे मतभेद झाला तो प्रसंग दोघांनी एकत्र पाहायचा आणि निर्णय व्याख्येच्या कागदावरच टिपायचा. त्यानंतर आठवड्याने तुम्ही एकटीने तोच क्वार्टर पुन्हा नोंदवा, कारण माणूस स्वतःशीही सहमत नसतो. ‘मी मैदानाशेजारीच उभी होते, मला माहीत आहे’ यावर तर विसंबूच नका. फ्रँक्स आणि मिलर यांनी १९८६ मध्ये प्रशिक्षकांच्या स्मरणाची चाचणी घेतली, तेव्हा सामन्यातल्या प्रसंगांपैकी निम्मेसुद्धा त्यांना नीट सांगता आले नव्हते.

चित्रणाचं थोडक्यात सांगते. मोबाइल मध्यरेषेच्या समोर, जितका उंच ठेवता येईल तितका, तिपाईवर. चेंडूचा पाठलाग करत झूम करू नका. चौकटीत चेंडू आणि दोन्ही बाजूंच्या किमान दोन फळ्या दिसल्या पाहिजेत, नाहीतर ‘दुसरी आक्रमक कुठे होती’ हा प्रश्न चित्रणाला विचारताच येत नाही. विमान मोड चालू ठेवा, एका फोन कॉलने चित्रण तुटतं. पहिल्या शिट्टीपासून शेवटपर्यंत एकच सलग फाइल, मधल्या विश्रांतीतही न थांबवता. वेळा जुळवणं सोपं जातं. आधी मोबाइलमध्ये दहा-बारा जीबी मोकळी जागा आणि चार्जिंगची सोय करून ठेवा. दुसरा फोन मिळाला तर गोलच्या मागे, फक्त कॉर्नरसाठी.

नोंद साध्या स्प्रेडशीटमध्ये ठेवा. प्रत्येक एन्ट्रीला एक ओळ आणि नऊ रकाने: वेळ, क्वार्टर, संघ, त्या क्षणीचा गुणफलक, चेंडू कुठे आणि कसा मिळाला, कोणत्या बाजूने आत गेला, धावत नेला की पास दिला, आत आपल्या किती जणी, शेवट काय झाला. प्रतिस्पर्धी बलवान होता की दुबळा हे पानाच्या डोक्यावर. पिव्हट टेबल (नोंदींचे गट पाडून बेरीज करणारी स्प्रेडशीटमधली सोय) शिकायला एक संध्याकाळ द्या. त्यानंतर वर केलेल्या सगळ्या बेरजा मिनिटभरात निघतात.

आता सराव. आठवड्याला एकच विषय, आणि एका विषयाला किमान तीन आठवडे. दर सामन्यानंतर विषय बदलणारा संघ काहीच पक्कं करत नाही. तुमचा पहिला विषय डाव्या बगलेचा बचाव. २३ मीटरची रेषा ते गोलरेषा आणि मैदानाची डावी अर्धी बाजू एवढी जागा घ्या. तीन आक्रमक, दोन बचावपटू आणि गोलरक्षक. तिसरी बचावपटू मध्यरेषेजवळून आक्रमणासोबतच मागे धावत निघेल. आक्रमकांना गोलचे २ गुण, कॉर्नर मिळवला तर १. बचावपटूंनी चेंडू सर्कलबाहेर ठेवला किंवा गोलरेषेकडे ढकलून निष्प्रभ केला तर त्यांना १. चार मिनिटांचे चार डाव, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. बगलेतली बचावपटू एक पाय पुढे ठेवून अंगाने आतली वाट बंद करेल, बाहेरची वाट मोकळी सोडेल आणि आक्रमकाचा वेग मोडेपर्यंत झेप घेणार नाही. आत मदतीला कोण उभं राहायचं हे गोलरक्षकाने मोठ्याने सांगायचं.

बहुतेक ठिकाणी विश्लेषण आणि सराव यांचा सांधा इथेच निखळतो: सामन्यात एक मोजलं जातं आणि सरावात काहीच मोजलं जात नाही. सामन्यातली व्याख्या जशीच्या तशी इथे वापरा. मैदानाशेजारी एक जण कागदावर दोनच खुणा करेल, एन्ट्री आणि त्यातून दिलेला कॉर्नर. सध्या सामन्यात दर दहा एन्ट्रींमागे तीन कॉर्नर जातात. दोनवर आणायचे आहेत. सरावात सुरुवातीला प्रमाण सामन्याहून वाईट आलं तर घाबरू नका, तीनास दोन हा खेळच बचावाला अवघड ठेवला आहे. आठवड्यागणिक ते उतरतंय का एवढं पाहा. सरावात उतरलं पण सामन्यात तसंच राहिलं, तर सराव सामन्यासारखा नाही असं समजायचं: वेग कमी, आक्रमक ओळखीच्या, किंवा दमलेल्या पायांनी कधी खेळवलंच नाही. मग हाच खेळ सत्राच्या शेवटी घ्या. आक्रमणाच्या विषयाची पाळी नंतर. त्याचा नियम आत्ताच सांगून ठेवते: दुसरी आक्रमक दोन सेकंदांत सर्कलमध्ये पोचली तरच एन्ट्रीचा गुण द्यायचा.

पूर्ण सामना दाखवणं आजपासून बंद करा. मुली कंटाळतात यात त्यांचा दोष नाही. साठ मिनिटांत त्यांच्या कामाचे प्रसंग मोजके, आणि ते कधी येणार हे त्यांना ठाऊक नसतं. सहा ते आठ क्लिप, एकूण पंधरा मिनिटं, सरावाला उतरण्याच्या लगेच आधी. क्लिप चुकीपासून सुरू करू नका, आठ-दहा सेकंद आधीपासून दाखवा. चूक दिसते ती शेवटी. तिचं मूळ चेंडू हरवला त्या क्षणी कोण कुठे उभी होती यात असतं. निर्णयाच्या क्षणी चित्र थांबवा आणि त्या मुलीला विचारा: इथे तुला काय दिसत होतं? उत्तर येईपर्यंत तुम्ही बोलायचं नाही. कित्येकदा कळतं की उंचावरच्या कॅमेऱ्याला दिसलेली मोकळी जागा तिला मैदानातून दिसणं शक्यच नव्हतं. तेव्हा तिच्या निर्णयाला दोष न देता तिला वेळेत हाक मारणाऱ्या सोबतिणीचा सराव घ्यावा लागतो. निम्म्या क्लिप चांगल्या खेळाच्या असू द्या, आणि त्याच विषयाच्या: डाव्या बगलेत बचाव नीट जमला ते प्रसंग. एकीची वैयक्तिक चूक सगळ्यांसमोर पडद्यावर लावू नका. तिला बाजूला बसवून मोबाइलवर दोन क्लिप दाखवा.

सामना सुरू असताना सहायकांकडे कागदावर तीनच खुणा द्या: दोन्ही संघांच्या एन्ट्री आणि डाव्या बगलेतून गेलेले कॉर्नर. क्वार्टरमधली विश्रांती दोन मिनिटांची असते. त्यात खेळाडूंपर्यंत एक वाक्य पोचतं. ते वाक्य सहायकांनी तुम्हाला शिट्टी वाजायच्या आधी सांगायचं, म्हणजे तुम्हाला शब्द निवडायला वेळ मिळेल.

या आठवड्यात नवं काही नोंदवू नका. व्याख्यांचा कागद तयार करा, सातांपैकी एका सामन्याचा एक क्वार्टर दोघांनी पुन्हा नोंदवा आणि ते १५ प्रसंग पाहा. पाय समांतर दिसले की नाही ते मला जरूर कळवा, आणि सोबत तुमच्या सहायकांनी काढलेला आकडाही पाठवा.